डबल मार्कर, एनआयपीटी आणि घरातली चार मतं

ताई,
मी ३१ वर्षांची आहे. इंदिरानगरला राहते, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पहिलंच गरोदरपण, दहावा आठवडा चालू आहे. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी फाईलला एक कागद लावून दिला. त्यावर एनटी स्कॅन, डबल मार्कर, एनआयपीटी अशी नावं आणि पुढे 'ऐच्छिक' असं लिहिलंय. "घरी बोला आणि पुढच्या वेळी सांगा," एवढंच म्हणाल्या. बाहेर वीसेक बायका बसल्या होत्या, मलाही विचारायला धीर झाला नाही.
नवरा म्हणतो, पैशांचं बघू नकोस, सगळं करून टाकू. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कुठे होतं हे, तीन मुलं झाली, तिन्ही धडधाकट. जाऊबाईंना दोन वर्षांपूर्वी डबल मार्करमध्ये १:१८० आलं होतं. मग पोटात सुई घालून पाणी काढलं. रिपोर्ट येईपर्यंत त्यांना ना जेवण गेलं ना झोप लागली. शेवटी सगळं नॉर्मल निघालं, पुतण्या आता घरभर धुडगूस घालतो. त्या मला म्हणतात, "करूच नकोस, नुसता डोक्याला ताप."
माझी भीती वेगळी आहे. समजा काही निघालंच, तर काय करायचं हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. मग कळून घ्यावं तरी कशाला?
आणि एक गोष्ट, लिहायलाही लाज वाटते. सासूबाईंनी परवा हळूच विचारलं, त्या महागाच्या टेस्टमध्ये 'ते'सुद्धा कळतं ना?
– नाव छापू नये, नाशिक

आधी तारखांचं बोलू, कारण बाकी सगळ्याला थोडी सवड आहे, तारखांना नाही. एनटी स्कॅन ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करतात. त्या काळात बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असते आणि मानेमागच्या त्वचेखाली साठलेल्या पाण्याची जाडी तेव्हाच नीट मोजता येते. त्यापुढे गेलं की त्या मापाला अर्थ उरत नाही. डबल मार्करचं रक्तही याच दिवसांत द्यायचं असतं. तुम्ही दहाव्या आठवड्यात लिहिलंत, हे उत्तर वाचाल तेव्हा बारावा लागत आला असेल. म्हणजे दोन आठवडे आहेत. विचार करायला तेवढे पुरतात, टाळाटाळ करायला मात्र नाही पुरत.

आता तो कागद. त्यावरची तीन नावं एकाखाली एक लिहिली आहेत म्हणून एकसारखी वाटतात, पण माझ्या मते एनटी स्कॅनपुढे 'ऐच्छिक' लिहिणंच बरोबर नाही. लोक त्याला 'डाउन सिंड्रोमची (२१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्याने होणाऱ्या जन्मजात स्थितीची) सोनोग्राफी' समजतात आणि तिथेच गफलत होते. त्या स्कॅनमध्ये बाळाची नेमकी तारीख कळते, जुळं आहे का आणि जुळं असेल तर दोघांची वार (प्लॅसेंटा) एकच आहे की वेगळी हे कळतं. कवटी, पोटाची भिंत, हातपाय यांतले काही मोठे दोष तेव्हाच दिसतात. मानेमागचं पाणी जास्त असेल तर पुढे हृदय बारकाईने तपासायला हवं, हेही तिथेच लक्षात येतं. शिवाय त्याच वेळी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (त्यांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी), तुमचं ब्लड प्रेशर आणि रक्तातली एक-दोन मापं एकत्र करून तुम्हाला पुढे प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून बाळ-बाळंतीण दोघांनाही धोका होण्याची शक्यता किती, याचा अंदाज काढतात. तो जास्त असेल तर १६ आठवड्यांच्या आत रोज रात्री कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात आणि त्याने दिवस भरण्याआधी उद्भवणारा प्रीएक्लॅम्प्सिया बऱ्याच अंशी टळतो. इथे 'कळून काय करणार' या तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, एक छोटी गोळी. गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच, मनाने नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून एनटी स्कॅन करा. आणि १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होणारा अनॉमली स्कॅनही, म्हणजे बाळाचे अवयव बारकाईने बघणारी सोनोग्राफी, करा. यावर घरात चर्चा घडवायची गरज मला वाटत नाही.

खरी निवड आहे ती रक्ताच्या टेस्टची.

डबल मार्करमध्ये तुमच्या रक्तातले दोन घटक मोजतात. ते, एनटीचं माप आणि तुमचं वय एकत्र करून संगणक एक शक्यता काढून देतो. बाळाला डाउन सिंड्रोम आहे किंवा नाही, हे तो रिपोर्ट सांगत नाही, सांगूही शकत नाही. वयाचा भाग असा की तिशीच्या आसपास ही शक्यता साधारण ९०० बाळांत एक असते, पस्तिशीला ३५० मध्ये एक, चाळिशीला शंभरात एक. बहुतेक लॅब १:२५० च्या अलीकडे आकडा आला की त्यावर 'हाय रिस्क' असं छापतात, पुष्कळदा लाल अक्षरांत.

जाऊबाईंचा १:१८० त्यात बसला. आता तो आकडा उलटा वाचून बघा. त्यांच्यासारखा रिपोर्ट आलेल्या १८० बायकांपैकी १७९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. त्यांचं बाळ नॉर्मल निघालं म्हणून टेस्ट चुकली असं घरात सगळे म्हणत असतील, पण टेस्टने जे सांगितलं होतं तसंच झालं. मोठा हिशोब हवा असेल तर तुमच्या वयाच्या १०,००० गरोदर बायका घ्या. त्यांच्यात डाउन सिंड्रोम असलेली बाळं साधारण ११. स्कॅन आणि डबल मार्कर मिळून त्यातली नऊ-दहा लक्षात येतात, एखादं निसटतं. पण त्याच वेळी बाळ व्यवस्थित असलेल्या चारशे-पाचशे जणींनाही हाय रिस्कचा कागद मिळतो. हे गणित रक्त देण्याआधी कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं, तर नंतरचे दिवस इतके वाईट जात नाहीत. आपल्याकडे रक्त आधी घेतात आणि समजावून सांगणं, झालंच तर, रिपोर्ट लाल आल्यावर होतं. गंगापूर रोडच्या काचेच्या दवाखान्यातही आणि सिडकोतल्या साध्या दवाखान्यातही. डॉक्टरांना वेळ नसतो हे मला मान्य आहे. पण 'ऐच्छिक' म्हणून कागद हातात द्यायचा आणि इच्छा कशाच्या आधारावर करायची ते सांगायचं नाही, ही पद्धत मला पटत नाही.

एनआयपीटी दहाव्या आठवड्यानंतर कधीही करता येते. तुमच्या रक्तात वारेतून सुटलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, ते मोजून ही टेस्ट २१, १८ आणि १३ या क्रमांकांच्या गुणसूत्रांची एखादी जास्तीची प्रत आहे का, याचा अंदाज घेते. डाउन सिंड्रोमसाठी ती फार चांगली आहे. १०० पैकी ९९ वेळा पकडते आणि खोटा धोका हजारात एखाद्या वेळीच दाखवते. जाऊबाईंसारखी धास्ती तिच्यात कितीतरी कमी जणींच्या वाट्याला येते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली अशी की ते डीएनए वारेचं असतं, बाळाचं थेट नसतं, आणि क्वचित वार एक सांगते आणि बाळ दुसरं असतं. तुमच्या वयात मुळात शक्यताच कमी असल्याने हाय रिस्क आलेल्यांपैकीही काही रिपोर्ट खोटे निघतात, १३ व्या गुणसूत्राच्या बाबतीत तर निम्म्याहून जास्त. त्यामुळे एनआयपीटीच्या एकट्या रिपोर्टवर कुणीही गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. कुणी तसं सुचवलं तर डॉक्टर बदला. दुसरी, तिला हृदयाचं छिद्र दिसत नाही, मणक्याचा दोष दिसत नाही, बाळाचे हातपाय दिसत नाहीत. चांगली दहा हजारांच्या वर रक्कम मोजून टेस्ट केली म्हणजे सगळं तपासून झालं, असं समजून अनॉमली स्कॅन हलक्यात घेणारी जोडपी आहेत. तुमचा नवरा 'सगळं करून टाकू' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा असंच काहीतरी आहे की जितक्या टेस्ट तितकी खात्री. तशी खात्री कुठल्याच दुकानात मिळत नाही. जन्मणाऱ्या शंभर बाळांमध्ये दोन-तीन बाळांना कुठला ना कुठला मोठा जन्मदोष असतो आणि त्यातले पुष्कळ या रक्ताच्या टेस्टच्या कक्षेबाहेरचे असतात. ऑटिझम, बाळंतपणात होणारे त्रास, नंतरचे आजार यांचा तर प्रश्नच नाही.

खात्रीचं उत्तर देणाऱ्या तपासण्या दोनच. ११ ते १४ आठवड्यांत वारेचा छोटासा तुकडा घेऊन करतात ती सीव्हीएस, किंवा १५ आठवडे पूर्ण झाल्यावर, साधारण सोळाव्या-सतराव्या आठवड्यात, पोटातलं पाणी काढून करतात ती ॲम्निओसेंटेसिस. जाऊबाईंची झाली ती दुसरी. तिच्यात गर्भपात होण्याचा धोका असतो, पण अनुभवी हातात तो दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी. ठरावीक गुणसूत्रांचा झटपट रिपोर्ट तीन-चार दिवसांत येतो, पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. यासाठी आता मुंबई-पुण्याला धावायची गरज सहसा पडत नाही, नाशिकमध्ये फीटल मेडिसिनचे, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासणीचे, तज्ज्ञ आहेत. या तपासणीसाठी तुमची लेखी संमती, तुम्हाला समजेल अशा भाषेत, घ्यावी लागते आणि त्याची प्रत तुम्हाला द्यावी लागते, असं कायदाच सांगतो. इंग्रजी फॉर्मवर 'इथे सही करा' म्हणून बोट दाखवलं तर मराठी मागा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. काही निघालं तर काय करायचं हेच माहीत नाही, मग कळून कशाला घ्यायचं?

मला वाटतं, तुम्ही दोघं फार लांबच्या प्रश्नाशी झटापट करताय. बाळाला डाउन सिंड्रोम आहे हे नक्की झालं तर गर्भ ठेवायचा की नाही, याचं उत्तर अकराव्या आठवड्यात, डायनिंग टेबलावर बसून, बहुतेक कुणालाच देता येत नाही. जे छातीठोक देतात त्यांतले काही वेळ आल्यावर बदलतात, दोन्ही बाजूंना बदलतात. तुम्हाला आज एवढंच ठरवायचं आहे की रक्ताच्या टेस्टमध्ये धोका जास्त दिसला, तर खात्रीची तपासणी करून घ्यायला आपण तयार आहोत का. 'हो' किंवा 'बहुतेक हो' असं उत्तर असेल तर रक्ताची टेस्ट करण्यात अर्थ आहे. 'काही झालं तरी सुई नको' असं ठाम असेल, तर डबल मार्कर करू नका. नाहीतर एक आकडा हातात येईल आणि तो घेऊन सहा महिने काढावे लागतील, ना खरा ठरवता येईल ना खोटा. अशा वेळी न करणं हाही पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे आणि त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही. डॉक्टरांना सांगायचं, "स्कॅन करू, मार्कर नको," आणि फाईलमध्ये तसं लिहून घ्यायचं.

कळून घेण्याचं गर्भपाताखेरीजही कारण असतं, हे मात्र तुमच्या घरातल्या चारही मतांमधून सुटलेलं दिसतं. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. तो बराचसा शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. आधी माहीत असेल तर बाळाच्या हृदयाची इको पोटात असतानाच करतात, बाळंतपण नवजात बाळांचा आयसीयू असलेल्या ठिकाणी ठरवतात, गरज पडल्यास मुंबईच्या बालहृदयतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवतात. मध्यरात्री पहिल्या दिवसाचं बाळ ॲम्ब्युलन्समध्ये घालून कसारा घाट उतरण्यापेक्षा ते कितीतरी बरं. गर्भ ठेवायचाच हे ज्यांचं पक्कं असतं, अशीही काही जोडपी केवळ एवढ्यासाठी टेस्ट करून घेतात. आणि काही जण म्हणतात, जे असेल ते जन्मल्यावर बघू, नऊ महिने आम्हाला शांत हवेत. दोघांचंही बरोबर असू शकतं.

गर्भपाताच्या कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण याबद्दल नाशिकसारख्या शहरातही चुकीच्या गोष्टी फिरतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि तेही ठरावीक कारणांसाठी, ज्यात बाळातला गंभीर दोष येतो. २४ च्या पुढे फक्त गंभीर दोष असेल तर आणि सरकारने नेमलेल्या मेडिकल बोर्डाची परवानगी मिळाली तर. संमती लागते ती सज्ञान स्त्रीची, एकटीची. नवऱ्याची सही दवाखाने मागतात, कायदा मागत नाही.

या आठवड्यांमुळेच सुरुवातीच्या तारखांना महत्त्व आहे. समजा बाराव्या आठवड्यात स्कॅन आणि डबल मार्कर केलं, आकडा मधला (ना अगदी कमी, ना फार जास्त धोक्याचा) आला, एनआयपीटी केली, तिला आठ-दहा दिवस लागले, तरी चौदावा-पंधरावा आठवडा. सोळाव्यात पाणी काढलं तर एकोणिसाव्यापर्यंत पूर्ण रिपोर्ट हातात आणि विचार करायला थोडे दिवस शिल्लक. हेच सगळं टाळून सतराव्या-अठराव्या आठवड्यात क्वाड्रपल मार्कर (चार घटक मोजणारी, उशिरा करायची रक्ताची टेस्ट) केली, तर पाणी काढेपर्यंत एकोणीस आणि पूर्ण रिपोर्ट येईपर्यंत एकवीस-बावीस. तेव्हा बाळ हलायला लागलेलं असतं, पोट दिसायला लागलेलं असतं, ओटीभरणाच्या गोष्टी सुरू झालेल्या असतात. निर्णय कुठलाही असो, तो त्या आठवड्यांत घेणं फार जड जातं. क्वाड्रपल वाईट टेस्ट नाही. ज्यांची आधीची वेळ हुकली त्यांना तिचा उपयोग आहे. पण तुमची अजून हुकलेली नाही.

डाउन सिंड्रोम म्हणजे नेमकं काय आयुष्य, हेही तुम्ही दोघांनी नीट माहीत करून घ्यावं, आणि ते व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रडक्या किंवा गोडगोड व्हिडिओंवरून नाही. या मुलांची बौद्धिक वाढ सावकाश होते, कुणाची थोडी, कुणाची बरीच. आयुष्यभर कुणाचा तरी आधार बहुतेकांना लागतो. थायरॉइड, ऐकणं, डोळे यांकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. त्याचबरोबर लवकर थेरपी मिळाली तर यातली बरीच मुलं चालतात, बोलतात, शाळेत जातात, काही कामही करतात. नाशिकला हे सांगायला खरं तर बाहेरचं कुणी नको. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये याच गावात प्रबोधिनी सुरू केली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शाळा ही कल्पनाच लोकांना नवी होती, तेव्हाची ही गोष्ट. स्वतःच्या मुलामुळे त्या या कामात आल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आणि त्याआधीच्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने काही सोयी झाल्या, निरामय नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तरी सांभाळण्याचं ओझं शेवटी घरावर, आणि घरात बहुतेक वेळा आईवर पडतं, हे मी गोड करून सांगणार नाही. आमच्यानंतर याचं कोण, ही चिंता त्या आईबापांना असते आणि ती खरी असते. एखादं जोडपं हे सगळं बघून 'आम्हाला झेपेल' म्हणतं, एखादं 'नाही झेपणार' म्हणतं. बाहेरून दोघांनाही नावं ठेवायला लोक टपलेले असतात, मी त्यांत नाही.

सासूबाईंबद्दल. "आमच्या वेळी कुठे होतं हे" यात तथ्य आहे. बहुतेक बाळं तेव्हाही धडधाकट जन्मत होती, आताही जन्मतात. फक्त त्या काळात ज्या घरात तसं झालं नाही, त्या घरातलं मूल पाहुण्यांसमोर यायचं नाही. त्यांच्या स्वतःच्या माहेरी किंवा गल्लीत असं कुणी होतं का, हे त्यांना एकदा सहज विचारून बघा. उत्तर ऐकून कदाचित तुम्हीच चकित व्हाल.

'ते' कळतं का, याला मात्र मऊ उत्तर नाही. शास्त्राच्या दृष्टीने एनआयपीटीतून मुलगा की मुलगी हे कळू शकतं. आपल्या देशात ते सांगणं गुन्हा आहे, त्यामुळे रिपोर्टवर ते लिहीत नाहीत. ते विचारणं, कुणाला विचारायला लावणं हाही गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात कुटुंबातली माणसं येतात. सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवरची पाटी शोभेची नाही. देशाचा कायदा १९९४ चा, पण महाराष्ट्राने त्याच्या सहा वर्षं आधी, १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता, कारण इथे त्याची गरज पडली होती. सासूबाईंशी तुम्ही वाद घालू नका. हे तुमच्या नवऱ्याने बोलायचं आहे, त्यांच्या मुलाने, आणि एकदाच: "आई, हा विषय आपल्या घरात निघणार नाही." तुम्हाला लाज वाटायचं काहीच कारण नाही, प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. आणि या टेस्टमागे घरात कुणाचा तोच हेतू आहे अशी जरा जरी शंका आली, तर एनआयपीटी करूच नका.

नवऱ्याशी बोलायचं आहे ते वेगळं. 'पैशांचं बघू नकोस' हे प्रेमाने म्हटलेलं आहे, पण त्याने निर्णय तुमच्या अंगावर टाकला आणि स्वतः मोकळा झाला, असंही झालंय. त्याला एका संध्याकाळी गाडीवर मागे बसवून, किंवा सोमेश्वरला नेऊन, फोन बाजूला ठेवून विचारा की हाय रिस्क आला तर सुईला तू हो म्हणशील का, आणि माझ्याबरोबर तिथे थांबशील का. एवढंच. गर्भ ठेवायचा की नाही हा विषय तो काढू लागला तर ऐकून घ्या, पण त्या दिवशी निकाल लावू नका. पुढच्या तपासणीला त्याला आत न्या. वीस बायका बाहेर असल्या तरी दहा मिनिटं मागणं हा तुमचा हक्क आहे. शक्य असेल तर ओपीडी सुरू होतानाची पहिली वेळ घ्या.

त्या कागदावर नसलेली एक साधी टेस्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी. पहिल्या रक्ततपासणीत झाली असेल तर उत्तम, नसेल तर करून घ्या. तुम्ही वाहक (स्वतः आजारी नसून दोष पुढच्या पिढीला देऊ शकणाऱ्या) निघालात तरच नवऱ्याची करायची. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, म्हणजे डबल मार्करच्या आकड्यांच्या तुलनेत प्रचंड. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, त्यामुळे 'आमच्या घरात कुणाला नाही' याला अर्थ नाही. पेठ, सुरगाणा, कळवण या भागातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलकडे आणि सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत थॅलेसेमियाकडे विशेष लक्ष द्यायला हवं, पण तपासणी सगळ्यांनीच करावी. फॉलिक ॲसिड चालू असेलच, नसेल तर आजच.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्राच्या ओळींमध्ये ते आहेच. तर, वय ३१, घरात आधीचा काही इतिहास लिहिलेला नाही, जाऊबाईंचे हाल डोळ्यांसमोर. मी बाराव्या आठवड्यात एनटी स्कॅन शक्यतो फीटल मेडिसिनच्या तज्ज्ञांकडे केला असता. सुईला नवरा-बायको दोघांचा होकार असता तर त्याच दिवशी डबल मार्करचं रक्त दिलं असतं आणि आकडा मधला आला तरच एनआयपीटीला पैसे घातले असते. स्कॅनमध्येच काही वेगळं दिसलं तर एनआयपीटीत वेळ न घालवता तज्ज्ञ म्हणतील त्या खात्रीच्या तपासणीकडे गेले असते. पण हाय रिस्कच्या नुसत्या शक्यतेने तुमची झोप उडणार असेल आणि पैसे खरंच अडचण नसतील, तर डबल मार्कर सोडून स्कॅननंतर सरळ एनआयपीटी करण्यातही काही वावगं नाही. आणि सुईला नकार असेल तर स्कॅनवर थांबा.

डबल मार्करचा फॉर्म भरताना वजन त्या दिवशी तिथेच करून लिहा, अंदाजाने नको. मधुमेह आहे का, गर्भधारणेसाठी उपचार घेतले होते का, हेही खरं लिहा. हे आकडे चुकले की शक्यता चुकते. आणि लॅबला सांगा की रिपोर्ट माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका, डॉक्टरांकडे पाठवा. या रिपोर्टांना शनिवारी संध्याकाळी सात वाजता येण्याची वाईट खोड असते, आणि मग सोमवार सकाळपर्यंत ते लाल अक्षर गूगलवर शोधत बसण्याशिवाय हातात काही उरत नाही. डॉक्टरांची वेळ मंगळवारची असेल तर रिपोर्टही मंगळवारीच बघा, दोघांनी मिळून.